३८ हजारांचा स्विच

कोल्हापुरात एखाद्या गोष्टीवर मत नसलेला माणूस भेटला, तर तो परगावचा समजावा. रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत तर फिरणं कमी आणि मतंच जास्त. एक फेरी पाय मोकळे करायला नि उरलेला तासभर कट्ट्यावर बसून तोंड मोकळं करायला.

एप्रिल २०२५ मध्ये त्या कट्ट्यावर मी जपानचा विषय काढला. चूक माझीच. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १६ जानेवारीला हातात धरून खेळायच्या नव्या व्हिडिओ गेमची घोषणा केली होती. नाव ‘स्विच टू’. तेव्हापासून आमच्या नातवानं घरात तेवढाच एक जप लावला होता. २ एप्रिलला किंमत जाहीर झाली. ४४९ डॉलर ९९ सेंट, म्हणजे आपले सुमारे ३८ हजार रुपये.

“स्विच? अडतीस हजारांचा?” निवृत्त वायरमन बसल्या जागी उठून उभे राहिले. “अहो, तेवढ्यात अख्ख्या वाड्याचं वायरिंग करून दिलं असतं मी!”

“अर्धी म्हैस येती की मर्दा एवढ्यात,” दूधवाले म्हणाले.

“कुठली अर्धी, ते आधी ठरवून घ्या,” हेडमास्तरांनी सल्ला दिला.

डोळे बिघडतात, मान वाकडी होते आणि पोरं तालमीकडे फिरकत नाहीत, असे तीन ठराव एकमतानं पास झाले. मग मी नातवाकडून कळलेली माहिती पुरवली, की ही कंपनी १८८९ मध्ये क्योटो शहरात निघाली ती मुळात पत्ते बनवायला. कट्ट्याचा सूर एकदम बदलला.

“पत्ते खेळून बुडालेले लई बघितले,” वस्ताद म्हणाले, “पत्ते विकून वर आलेला ह्यो पहिलाच!”

बरं, ओरडणारे आम्ही एकटेच नव्हतो. कंपनीच्या थेट कार्यक्रमात जगभरचे प्रेक्षक ‘किंमत उतरवा, किंमत उतरवा’ असं लिहून राहिले होते. आणि ५ जूनला खेळ बाजारात आला, तर पहिल्या चार दिवसांत खपले ३५ लाखांच्या वर! ओरडणारे वेगळे आणि रांगेत उभे राहणारे वेगळे, असं म्हणायचं धाडस मला होत नाही. कट्ट्यावर सगळे थक्क झाले. मी मात्र गप्प होतो. त्याला कारण होतं.

१९९६ साली चिरंजीव सातवीत होते. दिवाळीचे साठवलेले पैसे खर्चून त्यानं पेन्सिल सेलवर चालणारा एक विटांचा गेम आणला. रशियात १९८४ मध्ये जन्मलेल्या ‘टेट्रिस’चा हा गरीब भाऊबंद. वरून विटा पडायच्या, ओळ पूर्ण झाली की नाहीशी व्हायची. मी तो तिसऱ्या दिवशी जप्त केला. “स्कॉलरशिपची परीक्षा झाली की देतो!”

परीक्षा झाली. निकाल लागला. गेम काही मी दिला नाही. शिस्त वगैरे काही नाही हो, माझी वीस हजारांची मजल अजून गाठायची होती! रोज रात्री संडासात टॉवेलाखाली धरून मी खेळत असे. ‘ही’ बिचारी माझ्या पोटाच्या काळजीनं ओव्याचा अर्क आणून ठेवायची. तोही मी निमूट घेत असे. पोरगा एकदाच म्हणाला, “बाबा, माझा गेम?” मी म्हटलं, “बघू.” पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही.

परवा जेवताना तोच पोरगा नातवाला म्हणाला, “सहामाही झाली की बघू.” आवाज थेट माझा. घास घशाखाली उतरेना. उठलो, कपाट उघडलं, धोतरांच्या घडीखालून तो गेम काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“तुझा आहे. द्यायचा राहिला.”

तो बराच वेळ बघत राहिला. मग हसला. “ठाऊक होतं बाबा. माझं अभ्यासाचं टेबल संडासाच्या भिंतीलाच होतं. ओळ जुळली की आवाज यायचा. मी मोजायचो.”

“मग मागितला का नाहीस?”

“तुम्ही रोज हरत होता. म्हटलं, एकदा जिंकू दे, मग मागू.”

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. नातवानं संधी साधली. “बाबा, सहामाही झाल्यावर नक्की ना?”

“नक्की,” माझ्याकडे बघत तो म्हणाला. “पेपर संपेल त्याच दिवशी.”

घड्याळातले सेल काढून आम्ही गेममध्ये घातले. एकोणतीस वर्षांनी तोच टुंई-टुंई आवाज घरभर घुमला.

आतून ‘ही’ ओरडली, “अहो, परत पोट बिघडलं का?”