वाटेवरची वीज : लास वेगस ते ग्रँड कॅन्यन

रविवार, लास वेगस

भाड्याची मोटरहोम दुपारी ताब्यात मिळाली. आजची रात्र मावसबहिणीच्या दारातच काढायची आहे. गाडी देणाऱ्या मुलाने शेगडी, शॉवर, सांडपाण्याची नळी सगळं सावकाश दाखवलं. एक जड पिशवी मात्र "यात अडॅप्टर आहेत" एवढंच सांगून हातात ठेवली. आमच्याबरोबर मामा आहे. तो वीज मंडळातून निवृत्त झालेला. त्याने आधी ती पिशवीच उघडली.

गाडीच्या मागच्या कप्प्यात मनगटाएवढी वाटावी अशी काळी केबल आहे. तिच्या टोकाचा प्लग 30 अँपिअरचा : दोन तिरक्या पट्ट्या आणि एक गोल पिन. पिशवीत दोन अडॅप्टर निघाले. एकाने हा प्लग घरातल्या साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटला लागतो, दुसऱ्याने 50 अँपिअरच्या चार छिद्रांच्या मोठ्या सॉकेटला. मामा म्हणाला, "अगं, अडॅप्टर फक्त पिना जुळवतो. मागून वीज किती येते, ते त्याच्या हातात नसतं." या प्रवासात मला हे वाक्य रोज उपयोगी पडणार आहे.

अमेरिकेत घरातला दाब 120 व्होल्ट, म्हणजे 15 अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम 1800 वॅट. तासन् तास चालणाऱ्या लोडसाठी त्याच्याही 80 टक्केच धरायचे. त्यात गाडीचा फ्रीज, दिवे आणि बॅटरीचं चार्जिंग आरामात चालतं. छतावरचा एसी चालवायचा हट्ट मात्र धरू नये. जूनमधलं वेगस रात्रीही तापलेलं असतं, म्हणून आम्ही अंथरुणं घरातच टाकली.

बहिणीच्या यजमानांनी मनापासून सुचवलं, "गॅरेजमध्ये ड्रायरचं सॉकेट आहे, तेही 30 अँपिअरचंच. एखादा अडॅप्टर आणू का?" मामाने लगेच थांबवलं. ड्रायरच्या सॉकेटमध्ये 240 व्होल्ट असतात आणि गाडीला हवेत 120. जुन्या पद्धतीचं तीन छिद्रांचं ड्रायर सॉकेट आणि मोटरहोमचं सॉकेट दिसायलाही एकमेकांच्या जवळचं. घरी मोटरहोमसाठी नवं सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियन सवयीने 240 ची जोडणी करून ठेवतो आणि पहिल्याच दिवशी गाडीतला मायक्रोवेव्ह, चार्जर, एसी जळतो, असं इथे खरंच घडतं. असं सॉकेट मल्टिमीटरने तपासल्याशिवाय कधीही वापरू नये.

सोमवार, झायन

वॉचमन कॅम्पग्राउंड. समोर तांबड्या खडकाचा वॉचमन, शेजारी व्हर्जिन नदी. इथे जनरेटरला बंदी आहे, त्यामुळे विजेची जागा मिळाली तरच एसी.

जागेवरच्या खांबाला लोखंडी पेटी, आत सॉकेट आणि प्रत्येकाचा ब्रेकर. मामाने क्रम घालून दिला. आधी ब्रेकर बंद. मग मीटर लावून व्होल्टेज आणि अर्थिंग बघायचं. मग दाब फार घसरला तर वीज तोडणारं संरक्षक यंत्र, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी ब्रेकर चालू. निघताना हेच उलट. चालू सॉकेटमध्ये प्लग खुपसला की ठिणगी पडते, पट्ट्या काळ्या पडतात आणि पुढे तिथेच उष्णता धरते. अर्थिंग तुटलेलं असेल आणि गाडीत कुठे गळती असेल, तर गाडीचा पत्रा जिवंत होऊ शकतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला त्याचा झटका बसतो. मुलं नेमकी नदीतून तशीच येतात, म्हणून ही तपासणी कंटाळा न करता करायची.

रात्री मामाने कागदावर हिशेब मांडला. 30 अँपिअर म्हणजे 3600 वॅट. आपल्याकडे गीझरच्या एका 16 अँपिअरच्या सॉकेटमधून 230 व्होल्टला जवळपास 3700 वॅट मिळतात. इथे तेवढ्यात अख्खं घर चालवायचं! 50 अँपिअरच्या सॉकेटमध्ये 120 व्होल्टच्या दोन वेगळ्या फेज येतात, म्हणून तिथे 12,000 वॅट. आकडा 30 वरून 50 वर गेला की वीज तिपटीहून जास्त होते. म्हणूनच दोन एसींची मोठी गाडी अडॅप्टर लावून 30 वर आणणाऱ्यांचा ब्रेकर वारंवार पडतो.

आमचा नियम ठरला : एसी चालू असताना चहाची इलेक्ट्रिक किटली आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावायचे नाहीत. कुकर गॅसवर.

मंगळवार

दिवसभर द नॅरोजमध्ये नदीच्या पात्रातून चाललो. त्यावर पुढच्या भागात सविस्तर लिहीन.

बुधवार, कॅनॅब

खासगी जागा. 30 चं सॉकेट बघितलं आणि मामाने मान हलवली. एका छिद्राभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, प्लग घातला तर डगडगत होता. सैल संपर्क म्हणजे उष्णता. शेजारचं 50 चं सॉकेट घट्ट आणि स्वच्छ होतं, तिथे दुसरा अडॅप्टर कामाला आला. मी विचारलं, "खांबावरचा ब्रेकर 50 चा आणि केबल 30 ची, मग?" मामा म्हणाला, "गाडीच्या पॅनेलचा मुख्य ब्रेकर 30 चा आहे. गाडीने त्याहून जास्त ओढलं तर तो पडेल. तरी तासाभराने प्लगला हात लावून बघ." लावला. कोमट होता. चटका बसता तर लोड लगेच उतरवावा लागला असता.

संध्याकाळी सगळ्या गाड्यांचे एसी सुरू झाले आणि आमच्या संरक्षक यंत्राने वीज तोडली. पडद्यावर 103 व्होल्ट. हे यंत्र 104 च्या खाली पुरवठा बंद करतं, आणि ते योग्यच आहे : दाब पडला की एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि आयुष्य गमावतो. खिडक्या उघडून बसलो, दाब सुधारल्यावर वीज आपोआप परत आली. हे यंत्र अडॅप्टरच्या कितीतरी पट महाग असतं, पण माझ्या मते मोटरहोममध्ये त्याच्याइतकी गरजेची दुसरी वस्तू नाही.

गुरुवार, पेज

ग्लेन कॅन्यन धरण. आठ जनित्रं, 1320 मेगावॅट क्षमता. मामा कठड्याशी बराच वेळ उभा होता. "कोयना 1960," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. पॉवेल जलाशयाच्या कडांवर उतरलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा लांबवर दिसतो. पातळी फार खाली गेली तर ही जनित्रं थांबवावी लागतात.

शुक्रवार, ग्रँड कॅन्यन

साउथ रिमवरचं ट्रेलर व्हिलेज. इथे 30 आणि 50 दोन्ही मिळतात, अडॅप्टर पिशवीतच राहिले. समुद्रसपाटीपासून सुमारे 2100 मीटरवर असल्याने जूनमध्येही रात्र गार. 1500 वॅटचा छोटा हीटर लावला, तो एकटा साडेबारा अँपिअर घेतो. जवळच्याच मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नाही, तेव्हा आरक्षण करताना दोन्ही नावांत गल्लत करू नका.

पुण्या-मुंबईहून मुलांकडे येणारे बरेच जण आता अशी गाडी भाड्याने घेतात. त्यांना एक विनंती : गाडी ताब्यात घेताना प्लग 30 चा की 50 चा, पिशवीत कोणते अडॅप्टर आहेत आणि संरक्षक यंत्र आहे का, हे विचारा. यंत्र नसेल तर निदान एक साधा मल्टिमीटर विकत घ्या आणि तो कसा धरायचा, हे निघण्याआधी घरीच शिकून ठेवा.