दाढ, उधारी आणि वही



माझ्या सुनेचा जरीपटक्यात दातांचा दवाखाना आहे. वस्तीत सिंधी व्यापारी बरेच, हिशेबाला पक्के. तरी उधारी राहायचीच. कारण रूट कॅनाल. पहिल्या सिटिंगला ठणका थांबतो, मग 'कॅपचं पुढं बघू' म्हणत माणूस जातो. बाकी राहिली म्हणून लाजेनं परत येत नाही, आणि पोकळ झालेली दाढ एक दिवस सुपारीवर तुटते. पैसेही गेले, दाढही गेली.

आता ती खुर्चीत बसवण्याआधीच सगळा खर्च कागदावर लिहून देते. दर सिटिंगला थोडे पैसे, कॅपचं माप घेताना लॅबचे. खरी अडचण असेल त्याला हप्ते, पण तेही लिहून.

पैसे मागितले की दया संपते, असं आपल्याला उगीच वाटतं. तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या अतिचारांत न्यासापहार सांगितला आहे. ठेवणाराच रक्कम विसरला, तर त्याला कमी परत करणं हाही दोष! म्हणून सुनेच्या वहीत रुग्णांच्या जादा जमेचाही रकाना आहे. परवाच एका मावशींना फोन करून त्यांचे विसरलेले तीनशे रुपये तिनं परत दिले.