पिवळा दिवा

मागच्या पावसाळ्यात धारवाडहून परत येताना हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याच्या अलीकडे आमच्या गाडीत पहिल्यांदा तो पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचं छोटंसं चित्र. सौ. आणि मुलगी मागे झोपल्या होत्या. चढावर गाडीनं दोन-तीन गचके दिले, दिवा डोळे मिचकावल्यासारखा लुकलुकला, मग गचके थांबले आणि दिवा नुसताच लागून राहिला. मी काय केलं? रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात स्टाफरूममध्ये विषय काढला, तर एक सहकारी म्हणाले, "माझ्या गाडीत दोन वर्षं झाली लागून. सेन्सर खराब असतोय ओ. गाडी पळतीय नव्हं? मग सोडा तिकडं." आपल्याला जे ऐकायचं असतं ते सांगणारा माणूस आपल्याला जाणकार वाटतो. मला ते जाणकार वाटले.

तरी मनाच्या समाधानासाठी घराजवळच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसानं बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढली, चहा पिऊन झाल्यावर परत जोडली. दिवा गायब! अकरा दिवसांनी परत हजर. एव्हाना युक्ती मलाही कळली होती. दहा नंबरचा पाना गाडीतच ठेवला आणि पुढच्या दोन महिन्यांत हा उद्योग मी स्वतः चार वेळा केला. नापास झालेल्या पोरानं मार्कलिस्ट फाडून टाकावी, तसं हे चाललं होतं, हे इतिहास शिकवणाऱ्या माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

आमची गल्ली जुन्या बेळगावातली. गाडी लावल्यावर सायकल कशीबशी जाते. माझ्या गाडीचं तोंड रस्त्याकडे असतं आणि सायलेन्सरची नळी नेमकी शेजारच्या अक्कांच्या कट्ट्यासमोर. अक्का सकाळी तिथंच शेंगा सोलत, नाही तर पेपर वाचत बसतात. वय पंचाहत्तरच्या पुढं, छातीला दमा. मी रोज सकाळी गाडी सुरू करून ठेवायचो आणि घरात जाऊन डबा, चष्मा, पेपरांचा गठ्ठा गोळा करायचो. इंजिन गरम झालं पाहिजे, हे वडिलांच्या स्कूटरच्या काळातलं ज्ञान. "मास्तर, अलीकडं तुझ्या गाडीचा वास येतोय रे," असं अक्का दोनदा म्हणाल्या. मी हसून, "पेट्रोलच तसं येतंय अक्का," असं म्हणून सुटलो.

मग ऑगस्टात आमचे सासरे आले. मामा बससेवेत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आम्ही बाजाराला निघालो, तर मामा गाडीत बसायच्या ऐवजी मागच्या बाजूला जाऊन वाकले, नाक सुरसुरलं आणि म्हणाले, "कोळत तत्ती नात बराकत्तैती." नासलेल्या अंड्याचा वास. मी म्हटलं, धूर तर काहीच दिसत नाही. ते म्हणाले, "होगी काणसोदिल्लप्पा, मूगिगे बरतैती." डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळतं. आणि मायलेज किती, असं विचारलं. पंधरावरून अकरावर आलं होतं. तेही मी पेट्रोलच्या माथी मारलं होतं.

मामांनीच मला उद्यमबागेकडच्या एका छोट्या गॅरेजात नेलं. आयटीआय झालेला पोरगा, निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलणारा. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारले. दिवा कधीपासून? पहिल्यांदा लागला तेव्हा स्थिर होता की लुकलुकत होता? बॅटरी काढलासा काय? शेवटच्या प्रश्नाला मी मान हलवली, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "मेमरीच पुसलीसा की ओ, सर." बिघाड झाला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, तापमान किती होतं, वेग किती होता, हे सगळं गाडी टिपून ठेवते. वायर काढली की ती नोंद जाते. साधनं जपा म्हणून पोरांना सांगणाऱ्या मी ती पाच वेळा पुसली होती. चार वेळा स्वतः, एकदा पैसे देऊन.

स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं त्यानं स्कॅनर जोडला. दोन नंबर आले. पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात ठिणगी चुकतेय. आणि पी ०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम अपुरं पडतंय. मी लगेच म्हटलं, "म्हणजे सेन्सर गेला." तो म्हणाला, "सेन्सर सुळ्ळ हेळंगिल्लरी. त्यानं सांगितलं म्हणून त्यालाच मारू नका."

मग त्यानं मला जे दाखवलं, ते मी एखाद्या विद्यार्थ्यासारखं वहीत उतरवून घेतलं. जमेल तसं सांगतो.

इंजिनातून जळलेली हवा जिथून बाहेर पडते, त्या पाइपात बोटाएवढा एक तुकडा आट्यांवर बसवलेला असतो. हा ऑक्सिजन सेन्सर. त्याच्या आत झिर्कोनियाची, चिनी मातीसारखी एक टोपी असते. एका बाजूला इंजिनाचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या प्राणवायूत फरक जितका जास्त, तितका विजेचा दाब जास्त. पेट्रोल जास्त पडलं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली तर ०.१ च्या आसपास. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि हे प्रमाण राखायला इंजिनाचा कॉम्प्युटर याच सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल क्षणाक्षणाला कमी-जास्त करत राहतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते, तोही फरक असाच सांभाळला जातो. मात्र सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय हा गडी काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक छोटा हीटर बसवलेला असतो. म्हणजे सकाळी गाडी दारात तापवत ठेवण्यात काही अर्थ नाही. हळू चालवत निघालं की सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही लवकर तापतात.

कन्व्हर्टर म्हणजे पुढचा डबा. आत मधाच्या पोळ्यासारखं बारीक जाळं, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं रूपांतर तिथं बऱ्याच निरुपद्रवी वायूंत होतं. आणि या डब्याच्या पलीकडे दुसरा ऑक्सिजन सेन्सर. तो मुख्यतः डब्यावर पहारा करतो.

स्कॅनरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. पहिल्या सेन्सरची रेघ सारखी वर-खाली नाचते, ते बरोबर. दुसऱ्याची जवळपास सपाट हवी, कारण मधल्या डब्यानं सगळी चढउतार पचवलेली असते. आमची दुसरी रेघ पहिलीची हुबेहूब नक्कल करत होती. परीक्षेत मागच्या बाकावरचा पुढच्याचा पेपर उतरवून काढतो ना, तशी. डबा मेला होता.

आणि तो मारला मी. त्या दिवशी टोलनाक्याजवळ दिवा लुकलुकत होता तेव्हा दुसऱ्या सिलिंडरातलं पेट्रोल न जळताच पाइपात जात होतं आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटत होतं. त्या उष्णतेनं आतलं जाळं वितळतं. न वापरलेला प्राणवायूही सेन्सरपर्यंत पोचतो, त्याला वाटतं हवा जास्त झाली, म्हणून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. मायलेज तिथं गेलं, आणि मामांच्या नाकाला आलेला गंधकाचा वासही तिथलाच. मूळ दुखणं होतं ठिणगी देणाऱ्या एका कॉइलचं. कॉइल आणि चार प्लग मिळून चार हजारांच्या आतलं काम. दिवा नुसता लागून राहिला तर आठवड्याभरात दाखवा, पण लुकलुकला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा, एवढं एक वाक्य मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेलं आहे. मी नंतर पाहिलं.

नवा कन्व्हर्टर छत्तीस हजार रुपये! दिवाळीत केरळला जायचं ठरलं होतं, तेवढेच पैसे बाजूला होते.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका ओळखीच्या माणसानं स्वस्तातला मार्ग सांगितला. डबा फोडायचा, आतलं जाळं काढून टाकायचं, रिकामा डबा वेल्डिंग करून परत बसवायचा. मागचा सेन्सर धुराच्या वाटेतून थोडा बाहेर ओढून घेतला की दिवा लागत नाही. अडीच हजार. आणि निघालेलं जाळं भंगारात विकलं तर वर पैसे मिळतात ते वेगळेच. "आणि एमिशन?" मी विचारलं. (आपण बेळगावकर एमिशन म्हणतो, तिकडं चंदगड-कोल्हापूरला पीयूसी. काम एकच.) "त्याचं बघून घेऊ सर." मी हो म्हणालो. हे लिहायला लाज वाटते, पण म्हणालो.

इथं थोडा इतिहास आडवा येतो, सवय म्हणून. हा सेन्सर बॉश कंपनीनं बनवला आणि १९७६ मध्ये व्होल्व्होच्या अमेरिकेत विकायच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, पण शिसं असलेलं पेट्रोल त्याला मारतं, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं. २००० साली ते देशभर झालं. पुढे भारत स्टेज ४ चे नियम २०१७ च्या एप्रिलपासून सगळीकडे लागू झाले, आणि २०२० च्या एप्रिलपासून थेट ६. आमची गाडी २०१८ ची. म्हणजे आमच्या गल्लीपर्यंत तो डबा यायला चाळीस वर्षं लागली आणि मी तो अडीच हजारांत फोडायला निघालो होतो. एमिशनच्या कागदावर माझा भरवसा होता, कारण चार महिन्यांपूर्वीच गाडी पास झाली होती. कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत. पण ती नळी काही मिनिटंच आत असते, तीही गाडी उभी असताना. त्यानंतरचं कागदाला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वेल्डिंगवाल्याकडे जायला गाडी सुरू केली. डबा आणायला आत गेलो नाही, कारण कॉलेजला रजा होती. सीटवरच बसून राहिलो, म्हणून पहिल्यांदाच आरशात दिसलं. अक्कांनी पदर नाकाला लावला, शेंगांची परडी उचलली आणि त्या हळूहळू उठून आत गेल्या. दार लावून घेतलं. त्यांना उठायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. रोज मी डबा-चष्मा शोधायचो, तेव्हा हे असंच होत असणार.

गाडी बंद केली. केरळचं तिकीट काढलं नव्हतं, ते बरं झालं. सौ.ला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अप्पांनी वास सांगितला तेव्हा तुम्ही हसलात."

कन्व्हर्टर यायला सतरा दिवस लागले. तोवर मी कॉलेजला बसनं गेलो. बसवताना त्या पोरानं आणखी चार गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत. सेन्सर बदलायच्या आधी त्याची वायर बघावी. बऱ्याचदा ती उंदरानं कुरतडलेली असते. तसंच पाइपाच्या जोडाला फट आहे का बघावं, कारण फटीतून हवा आत शिरली की सेन्सर खरं सांगूनही चुकीचं सांगतो. इंजिन तेल खात असेल किंवा कूलंट आत गळत असेल, तर आधी ते थांबवावं, नाहीतर नवा सेन्सरही थोड्या दिवसांत लेप बसून बाद. गॅस्केटला कसलंही सिलिकॉन फासू देऊ नये, त्याची वाफ सेन्सरला विष आहे. आणि खानापूरकडे ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं असताना तापलेली गाडी त्यात दामटू नये. गार पाणी बसलं की आतली चिनी माती तडकते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, तो पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागलाच नाही, तर कुणीतरी त्याचा बंदोबस्त करून ठेवलाय, असं समजून परत फिरा.

आता मी गाडी उलटी लावतो, तोंड भिंतीकडे, आणि डबा-चष्मा हातात आल्याशिवाय चावी फिरवत नाही. अक्का कट्ट्यावर असतात. त्यांना कन्व्हर्टरचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर "एवढे पैसे!" म्हणून त्यांनीच मला झापलं असतं.

दिवाळीला केरळऐवजी धारवाडला गेलो. मामा दारातून सरळ गाडीच्या मागे गेले, वाकले, हुंगलं. "ईग बरोबर ऐती," म्हणाले. मग किती गेले, असं विचारलं. मी अठरा हजार सांगितले. सौ. माझ्याकडे बघत राहिली.