मडगार्डमध्ये शिरणारं दार

मोटारीचं दार बाहेर उघडतं, शेजारची जागा अडवतं आणि अरुंद ठिकाणी माणसाला अंग चोरायला लावतं. मोटारींचे रचनाकार हॉवर्ड ‘डच’ डॅरिन यांना ते नजरेआडच करायचं होतं. म्हणून त्यांनी दार पुढच्या मडगार्डच्या पोटात सरकवायचं ठरवलं आणि १९४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. १९५४ ची कायझर डॅरिन हे दार घेऊन अमेरिकेच्या रस्त्यावर आली. या गाडीचं छायाचित्र दिसलं की मी आजही पान उलटत नाही.

युद्धानंतर डेट्रॉईट लांबरुंद, क्रोमने मढवलेल्या गाड्या काढत होतं. युरोपातून परतलेल्या सैनिकांना मात्र एमजीसारख्या ठेंगण्या, दोन आसनी गाड्यांची गोडी लागली होती. पॅरिसमध्ये धनिकांसाठी मोटारींच्या बॉड्या बांधलेल्या डॅरिन यांनी ती ओळखली. कायझर कंपनीच्या स्वस्त ‘हेन्री जे’ची चासी घेऊन त्यांनी पदरमोड करून नमुना उभा केला, तोही कंपनीला न विचारता. हेन्री कायझर आधी चिडले, पण त्यांच्या पत्नीला गाडी आवडली आणि काम मार्गी लागलं, असं सांगतात.

बॉडी फायबरग्लासची होती. पत्रा दाबायचे महागडे साचे थोड्या गाड्यांसाठी परवडत नाहीत. फायबरग्लासला हवं ते वळण स्वस्तात देता येतं. म्हणून तर ते लांब, उतरतं बॉनेट साधलं, आणि समोर ओठांचा चंबू केल्यासारखी इवलीशी जाळी. टपही तीन तऱ्हांनी लागे: बंद, उघडा, किंवा नुसता डोक्यावरून मागे सारलेला. केवढी हौस!

इंजिन मात्र विलिसचं, सहा सिलिंडरचं, ९० अश्वशक्तीचं. (कायझरने १९५३ मध्ये विकत घेतलेली ही तीच विलिस, जिच्या जीप महिंद्रांनी मुंबईत जुळवल्या.) शेवरोलेच्या कॉर्व्हेटला १५० अश्वशक्ती होती, आणि ३,६६८ डॉलरची डॅरिन तिच्याहून महाग. विक्रीसाठी ४३५ गाड्या बनल्या, तेवढ्यावर काम थांबलं.

खापर बहुतेक जण दारावर फोडतात. रुळात माती बसून ते अडकायचं आणि आत शिरायला वाट अरुंद होती, हे खरंच. तरी माझ्या मते गाडी मागे पडली ती ताकदीत. डॅरिन यांचंही तेच मत असावं. उरलेल्या गाड्यांतल्या काही त्यांनी स्वतः विकत घेतल्या, त्यांतल्या काहींत कॅडिलॅकचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि लॉस एंजेलिसच्या आपल्या शोरूममधून विकल्या.