भाच्याचे पाच हजार

भाऊबीजेला बहिणीच्या ताटात किती टाकायचे, हे आमच्या घरी कोणाला विचारावं लागत नाही. जावळाला मामाने काय न्यायचं, लग्नात त्याचा आहेर काय, हेही ठरलेलं. आहेराची वही काढली की मागचा आकडा सापडतो, त्यात थोडी भर घातली की झालं. पंधरा वर्षांच्या भाच्याच्या वाढदिवसाला पाकिटात किती घालायचे, याची मात्र वही नाही. गावाकडे मुलांचे वाढदिवस कालपरवापर्यंत औक्षण आणि शिऱ्यावर भागत होते. केक आणि पाकिटं नंतर आली. म्हणून आकडा मी माझ्या मनाने ठरवला, आणि एका आकड्यात करता येतील तेवढ्या चुका केल्या.

माझी थोरली बहीण बालाघाट जिल्ह्यात हट्ट्याला दिलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, पण सोयरिकींनी ती हद्द कधी मानली नाही. मी नागपूरला नोकरी करतो. ताईचं घर एकत्र आहे: भाऊजी, त्यांचे मोठे भाऊ, जाऊबाई, दोघांची मुलं, एक चूल आणि सामाईक धानाच्या बांध्या. भाच्याचा वाढदिवस येतो जुलैत, म्हणजे ऐन रोवण्याच्या दिवसांत. खत, मजूर, ट्रॅक्टर यांत घरातली रोकड संपत आलेली असते. हे मला माहीत होतं. पाकीट भरताना आठवलं नाही, एवढंच.

२०२४ च्या जुलैत मी त्याला ५,००० रुपये दिले. आकडा आला कुठून? माझ्या मुलीच्या वाढदिवसाला नागपुरात कपडे, केक आणि हॉटेलचं जेवण मिळून जो खर्च होतो, त्याहून ही रक्कम कमीच होती. शिवाय बरेच दिवस हट्ट्याला जाणं झालं नव्हतं, त्याची बोच होती. आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही होती. पाकीट मी औक्षण चालू असतानाच, सगळ्यांसमोर दिलं. भाच्याने तिथेच उघडून नोटा मोजल्या. जाऊबाई आत चहा ठेवायला गेल्या.

त्या घरात ५,००० म्हणजे काय, याचा हिशोब मी परतीच्या गाडीत केला. त्या हंगामासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये जाहीर झाला होता. म्हणजे मी दोन क्विंटलांहून जास्त धान एका पाकिटात घातलं होतं. रोजगार हमीचा मध्य प्रदेशातला दर तेव्हा दिवसाला २४३ रुपये होता. त्या दराने ही वीस दिवसांची मजुरी. ‘लाडली लक्ष्मी’ योजनेत मध्य प्रदेश सरकार नववीत गेलेल्या मुलीला ४,००० रुपये शिष्यवृत्ती देतं. जाऊबाईंची मुलगी त्याच वर्षी नववीत गेली होती. सरकारने तिला शिक्षणासाठी जेवढं दिलं, त्याहून जास्त मी तिच्या चुलतभावाला केक कापल्याबद्दल दिलं होतं. निघताना ती पोरगी हसत म्हणाली होती, “मामाजी, माझा वाढदिवस कधी असतो, सांगा बरं?” मला सांगता आलं नाही. ती मला मामाजी म्हणते, माझ्या ताटात भाकर वाढते, आणि मी तिला पाहुण्यांची मुलगी धरून चाललो होतो.

दुसरी चूक मी पुढच्या काही आठवड्यांत केली. फोन केला की विचारायचो, “काय घेतलं रे त्या पैशांचं?” आधी त्याने बूट सांगितले, मग इअरफोन, मग “थोडे आहेत अजून” असं पुटपुटला. खरं म्हणजे पाच हजार मिळाल्याचं शाळेत कळल्यावर मित्रांनी पार्टी मागितली होती, आणि बरेच पैसे समोशांत आणि कोल्ड्रिंकमध्ये गेले होते. हे त्याने मला सांगितलं नाही आणि सांगण्याचं कारणही नव्हतं. पैसे त्याचे होते. मी मात्र देऊन झाल्यावरही मालक राहिलो होतो. खोटं बोलायची वेळ त्याच्यावर मी आणली.

सप्टेंबरात माझ्या मुलीचा वाढदिवस आला आणि ताईने ५,००१ पाठवले. मी खूश झालो, ही तिसरी चूक. सप्टेंबरात धान उभं असतं. कापणी, मळणी, सोसायटीतली खरेदी आणि चुकारे हे सगळं पुढे. मग पैसे आले कुठून? हा प्रश्न मला पडायला दिवाळी उजाडली. भाऊबीजेला गेलो तेव्हा ताईने सांगितलं की बचतगटातून उचल घेतली. मी चिडलो. म्हटलं, मी परत मागितले होते का? आत्याने भाचीला एवढं द्यायची रीत तरी कुठे आहे? ती म्हणाली, “भाऊबीजेचं मी निवांत घेते, ते मला मिळालेलंच आहे. पण तू पाच हजार सगळ्यांसमोर देतोस, तेव्हा ते पोराला देत नाहीस, मला देतोस. फेडायचे मलाच ना? घरात लोक बोलतात, माहेरचं घेऊन बसली म्हणून.”

यातून शिकलो असं म्हणावं, तर पुढच्या जुलैत मी चौथी चूक केली. देखावा नको म्हणून दोन हजार रुपये गुपचूप भाऊजींच्या फोनवर पाठवले. रोवण्याचे दिवस, मजुरांचे पैसेही त्याच खात्यातून जात होते. त्यात माझे दोन हजारही गेले. पोराला कळलंसुद्धा नाही. मी फोनवर विचारलं, तेव्हा भाऊजी ओशाळले आणि “देतो, देतो” म्हणाले. माझ्यापेक्षा वयाने मोठा, कोणाचा एक पैसा न ठेवणारा माणूस माझ्यामुळे स्वतःच्या मुलाचा देणेकरी झाला. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेच्या अटींत बसून बचत खातं स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने ही मुभा २०१४ पासून दिलेली आहे. भाच्याचं खातं आहे का, एवढं विचारलं असतं तरी हे टळलं असतं.

आता आम्ही दोघा भावंडांनी बसून ठरवलंय. त्या घरातल्या प्रत्येक मुलाला, सख्खा असो की चुलत, मुलगा असो की मुलगी, वाढदिवसाला ५०० रुपये. हातात नोट, आणि त्याचं काय केलं हा प्रश्न नाही. ताईकडून माझ्या मुलीलाही तेवढेच. आकडा मला काय परवडतं यावरून ठरला नाही. तिला सप्टेंबरातही विचार न करता काय देता येईल, यावरून ठरला.

यातला पेच मला कळतो. या मापाने पैसेवाल्या नातेवाइकांच्या मुलांना जास्त जातं आणि ज्यांना गरज आहे त्यांना कमी. म्हणून मदत वाढदिवसापासून वेगळी काढली. अकरावीची पुस्तकं, शिकवणीची फी, बालाघाटला जाण्यायेण्याचा खर्च हे ताई-भाऊजींशी बोलून, पाकिटाशिवाय, केकशिवाय होतं. ते मामाचं काम म्हणून केलं जातं आणि त्याची परतफेड कोणी धरत नाही. जाऊबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाची तारीख आता फोनमध्ये आहे.

भाच्याला ५०० चा नियम आवडलेला नाही. “मागे तर पाच हजार दिले होते, आता काऊन नाही?” असं त्याने विचारलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण मी त्याला खरं काय ते सांगितलं: त्या पाच हजारांसाठी तुझ्या आईने गटातून उचल घेतली होती. तो गप्प झाला, आणि संध्याकाळी आईशी वाद घालून आला की तू मला आधी का नाही सांगितलंस. ताई माझ्यावर रागावली. तिच्या मते पोराच्या डोक्यात हे घालायला नको होतं, आणि माझ्या चुकांच्या यादीत तिने पाचवी लिहून ठेवली आहे. ही एक मला मान्य नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात पैसे देता येतात, तर ते शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हेही त्याला सांगता येतं.