तीन तबकड्या आणि ओक ग्रोव्हची सकाळ

लॉस एंजेलिसच्या ईशान्येस, पॅसाडीना शहराच्या कडेला, सॅन गेब्रिएल पर्वतराजीच्या पायथ्याशी ‘आरोयो सेको’ नावाचा एक ओढा आहे. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ ‘कोरडा ओढा’ असाच होतो. याच ओढ्याच्या काठी हाहामोंग्ना नावाचे विस्तीर्ण उद्यान असून त्याचा ओक वृक्षांनी झाकलेला भाग ओक ग्रोव्ह या नावाने ओळखला जातो. झाडांच्या सावलीत ठिकठिकाणी लोखंडी खांब उभे दिसतात. खांबाच्या माथ्यावरून साखळ्या लोंबत असतात आणि त्यांच्याखाली एक टोपली. डिस्क गोल्फ या खेळाचे जगातील पहिले कायमस्वरूपी मैदान ते हेच. १९७५ साली ते येथे आखले गेले.

खेळ समजण्यास सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती जेथे पडेल तेथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत पोहोचवायची. अशा अठरा टोपल्या झाल्या की एक फेरी पूर्ण होते. काठ्या नाहीत, चेंडू नाही, येथे खेळण्यासाठी शुल्कही नाही. लागते ती तबकडी आणि चालण्याची तयारी.

परंतु हौस वाढली की सामान वाढते, हा नियम या खेळालाही चुकलेला नाही. शिकागोजवळ राहणाऱ्या एका मराठी जैन कुटुंबातील बारा वर्षांच्या मुलाकडे अठरा तबकड्या होत्या. नाताळच्या सुट्टीत हे कुटुंब चार दिवसांसाठी लॉस एंजेलिसला निघाले. ब्वेना पार्क येथील जैन मंदिरात दर्शन, दोन नातलगांच्या भेटी आणि एक सकाळ ओक ग्रोव्हसाठी, असा बेत ठरला होता. सोबत बार्शीहून आलेले आजोबा होते. तिकिटात प्रत्येकी एकच हातबॅग होती. अधिक सामानाचे पैसे वेगळे. त्या बॅगेतच कपडे, औषधे, खाकऱ्याचे डबे आणि शेंगदाण्याची चटणी बसवायची होती.

अशी एक तबकडी साधारण एकवीस सेंटिमीटर व्यासाची असते. स्पर्धेच्या नियमांनुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमहून अधिक वजन चालत नाही, म्हणून जड तबकडीही पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. एकटी तबकडी कोणालाच जड नाही. अठरांचे वजन मात्र तीन किलोंच्या वर जाते आणि अर्धी बॅग त्यांतच अडकते. निघण्याच्या आदल्या रात्री मुलगा त्या सर्व जमिनीवर मांडून खिन्न होऊन बसला होता. आजोबा शेजारी खुर्चीवर टेकले.

“अठरा टोपल्या, म्हणून अठरा तबकड्या का रे?”

“नाही आजोबा, प्रत्येकीचं काम वेगळं असतं.”

“बरं. मागच्या खेळात यांतल्या किती हातात घेतल्यास?”

मुलाने बोटांवर मोजले. चार. त्यांतल्याही तीनच पुन्हा पुन्हा.

“आपल्या दुकानात दोनशे जिन्नस होते, बाळा,” आजोबा म्हणाले. “पण घर चाललं ते आठ-दहांवर. ज्वारी, तूरडाळ, गूळ, तेल, साखर. बाकीचा माल फळीची शोभा. गिऱ्हाईक रोज काय मागतं ते ज्याला कळलं, त्याचं दुकान चाललं.”

बार्शीच्या पेठेतील ते धान्य-किराण्याचे दुकान आजोबांनी शेहेचाळीस वर्षे चालवले होते. चालवायला पुढे कोणी नव्हते. दोन महिन्यांपूर्वी दिवाळीत वहीपूजन झाले आणि त्यानंतर दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या. अमेरिकेत आल्यापासून या विषयावर आजोबांनी एक शब्दही काढला नव्हता आणि घरातील कोणी विचारण्याचे धाडस केले नव्हते. स्वयंपाकघरात डबे भरणारा त्यांचा मुलगा हातातले काम थांबवून तेथेच उभा राहिला. त्या रात्री तबकड्या निवडता निवडता शेवटी कोणता माल कोणाला दिला, तराजू कोठे गेला, जुन्या हमालाने निरोप घेताना काय म्हटले, हे सारे आजोबांनी नातवाला सांगितले. नातवाला त्यातले अर्धे शब्द कळले नसतील. त्याने सगळे ऐकले.

निवड झाली ती तीन तबकड्यांची, आणि थोडक्या सामानात निघणाऱ्या कोणासही ती पुरेशी ठरावी. पहिली पातळ, धारदार कडेची ‘ड्रायव्हर’, लांब पल्ल्यासाठी. दुसरी ‘मिडरेंज’, मधल्या अंतरासाठी आणि झाडांमधून सरळ वाट काढण्यासाठी. तिसरी ‘पटर’, बोथट कडेची, संथ जाणारी, टोपलीजवळच्या अचूक फेकीसाठी. नवशिक्याने एकच न्यायची तर पटर न्यावी. ती दूर जात नाही, पण वाटही चुकवत नाही. तीनही एकात एक ठेवून बॅगेच्या तळाशी आडव्या बसवल्या आणि पोकळीत मोजे भरले. प्रत्येकीच्या मागे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिला, कारण सापडलेली तबकडी मालकाला कळवण्याची या खेळात रीत आहे. उन्हात तापलेल्या मोटारीत त्या ठेवू नयेत, प्लास्टिक वाकते, हेही मुलाने सर्वांना बजावले. खेळाची खास पिशवी घरीच राहिली. तिच्या जागी आजोबांच्या सामानातून एक कापडी पिशवी निघाली. तिच्यावर दुकानाचे नाव छापलेले होते.

बेताची आखणी वेळेपासून सुरू झाली. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि आजोबांचे जेवण त्यापूर्वी व्हायला हवे. अठरा टोपल्यांच्या फेरीला दोन-अडीच तास लागतात. म्हणून सकाळी आठलाच मैदानावर पोहोचायचे, आजोबांना चालवेल तितकेच खेळायचे आणि दुपारपर्यंत परतायचे असे ठरले.

विमानाच्या चार तासांच्या प्रवासात मुलाने आजोबांना या खेळाचा इतिहास सांगितला. तो व्यापाऱ्याला आवडावा असाच आहे. १९३८ साली फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण आपल्या मैत्रिणीसह सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर केकचे पत्र्याचे भांडे फेकत-झेलत होता. पाच सेंटांचे ते भांडे एका माणसाने पंचवीस सेंट देऊन मागितले. पुढे पत्र्याचे प्लास्टिक झाले आणि १९५७ साली ती तबकडी व्हॅम-ओ कंपनीने बाजारात आणली. तीच फ्रिस्बी.

“पाचाचे पंचवीस!” आजोबांनी मान डोलावली. “गिऱ्हाईक स्वतःहून भाव सांगतं, तेव्हा धंदा उभा राहतो.”

याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे देऊन तिचे उडणे स्थिर केले आणि पुढे ओक ग्रोव्हचे मैदान आखले. आरंभी येथे नुसते खांबच लक्ष्य होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावर वाद होत. मग हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली तयार केली आणि वाद मिटला. २००२ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली.

ओक ग्रोव्हची ती सकाळ थंड होती. वाळलेल्या पानांवर पावले वाजत होती. पहिल्या टोपलीत पटर पडली, साखळ्या खणाणल्या, आणि आजोबा म्हणाले, “गल्ल्यात पैसे पडल्यासारखं वाजतं की हे.” तिसऱ्या टोपलीपाशी त्यांनी स्वतः तबकडी मागितली. पहिली फेक पायाशीच पडली. दुसरी दहा पावले गेली. नातवाने त्यांचे मनगट धरून दाखवले. तिसरी तरंगत जाऊन खांबापाशी टेकली.

उद्यानाच्या उत्तरेस जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या इमारती दिसतात. या संस्थेची दोन व्हॉयेजर याने १९७७ साली निघाली आणि आज सूर्यमालेतील ग्रह केव्हाच मागे टाकून ती पुढे गेली आहेत. यानांनाही सामानाची मर्यादा असते. तरीही प्रत्येक यानावर तीस सेंटिमीटर व्यासाची, सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली गेली. तिच्यात पंचावन्न भाषांतील शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे गायनही तिच्यात आहे. हे मुलाच्या वडिलांनी सांगितले तेव्हा आजोबा बराच वेळ त्या इमारतींकडे पाहत राहिले.

“एवढ्या लांब जायचं, आणि न्यायचं एवढंच,” ते म्हणाले. “निवडणाऱ्यांना झोप आली नसेल.”

अकराव्या टोपलीला ड्रायव्हर डावीकडे वळली आणि उतारावरच्या दाट झुडपात शिरली. त्या झुडपांत अंगाला खाज आणणारी विषारी वेल असते, म्हणून आत शिरायचे नाही हे आधीच ठरले होते. बाहेरून अर्धा तास शोध झाला. मुलाचा चेहरा उतरला. तीच त्याची आवडती होती. आजोबांचे गुडघेही आता बोलू लागले होते. उरलेल्या टोपल्या दुसऱ्या खेपेसाठी ठेवून सर्वजण बाकावर बसले आणि खाकऱ्याचा डबा उघडला.

आजोबांनी खिशातून लहान डायरी काढली. शेहेचाळीस वर्षांची सवय. दुकान बंद झाल्यापासून तिची पाने कोरीच होती. त्यांनी तारीख घातली आणि लिहिले: आवक ३, गहाळ १, शिल्लक २.

मुलाने डायरी हातात घेतली. त्याचे मराठी अक्षर मोठे आणि वाकडे येते. त्याने खाली एक ओळ जोडली: एक शिकागो, एक बार्शी.

मग त्याने पटर पुसून कापडी पिशवीत घातली आणि ती पिशवी आजोबांच्या मांडीवर ठेवली.