११० व्होल्टचा वऱ्हाडी

परदेशात राहणारा वऱ्हाडी माणूस ओळखायचा कसा? बोलण्यावरून नाही, ऑफिसात तोही ‘हाय गाइज’च म्हणतो. त्याच्या मोबाइलमधलं हवामानाचं अ‍ॅप बघा. पहिलं शहर तो राहतो ते, दुसरं अकोला नाहीतर अमरावती. एप्रिल लागला की हा पठ्ठ्या आधी दुसरं शहर उघडतो आणि शेजारच्या टेबलावरच्या पुणेकराला सांगतो, ‘पंचेचाळीस!’ क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. तक्रार कमी, अभिमान जास्त!

अशी पोट्टी आता जगभर आहेत. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, बडनेरा आणि शेगावची इंजिनिअरिंग कॉलेजं १९८३ ची. तिथून निघालेले काही हिंजवडीत थांबले, काहींनी पुढचं विमान पकडलं. मी अकोल्याहून निघालो तो थेट अमेरिकेतल्या फिनिक्सला पोचलो. गॅजेट्सचं वेड लहानपणापासून होतंच. कॅसेट प्लेअर उघडणं आणि उरलेले दोन स्क्रू खिशात टाकून गप्प बसणं, हा आमच्या गल्लीचा राष्ट्रीय खेळ होता.

वाळवंटातलं अकोला

फिनिक्सला पोचलेला मुंबईकर पहिल्या उन्हाळ्यात हबकतो. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस तिथला पारा रोज ११० फॅरेनहाइटला टेकला, म्हणजे आपले ४३ अंश. ऑफिसातले सहकारी घामाघूम. अकोलेकर मात्र पार्किंगमध्ये उभा राहून म्हणतो, ‘ऊन हाय जरासं!’

आणखी एक गंमत. अ‍ॅरिझोनात, नवाहो आदिवासींचा भाग सोडला, तर उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळं मागेपुढे करत नाहीत. त्यामुळे फिनिक्स आणि अकोल्यात बारा महिने साडेबारा तासांचं अंतर. तिथे सकाळचे सात, इथे संध्याकाळचे साडेसात. हिशेबासाठी वेगळं अ‍ॅप नको. अर्धा तास मिळवा आणि सकाळची रात्र करा, संपलं.

पण खरा धक्का बसला तो एका जुन्या घराच्या छपरावर. पत्र्याचा चौकोनी डबा, बाजूला जाळ्या, आत पंखा, खाली पाणी. अरे, हा तर आपला कूलर! तिथे त्याला ‘स्वॉम्प कूलर’ म्हणतात, म्हणजे दलदलीचा कूलर. एसी घरोघरी पोचण्याआधी, १९३० च्या दशकापासून, फिनिक्सनं उन्हाळे काढले ते याच डब्यावर. आपल्याकडे कूलरच्या ताटीत लाकडाचा भुसभुशीत कीस भरतात ना, तिथेही तोच, फक्त झाड अ‍ॅस्पेनचं.

तत्त्वही एकच. पाण्याची वाफ होताना ते उष्णता हवेतूनच घेतं. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडतं आणि झोत तितका गार. मे महिन्यातल्या वऱ्हाडच्या कोरड्या हवेत चांगला कूलर पारा पंधराएक अंशांनी सहज उतरवतो, तेही एसीच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याच्या विजेत. मुंबईच्या दमट हवेत मात्र हेच यंत्र नुसतं ओलं वारं घालतं. म्हणून मुंबईच्या मित्राला कूलरचं सुख समजावणं म्हणजे... जाऊ द्या! पावसाळ्याचा नियमही दोन्हीकडे सारखा. हवेत दमटपणा आला की अकोल्यात कूलर अडगळीत जातो. अ‍ॅरिझोनातही जुलैच्या सुमारास पावसाळी वारे येतात आणि स्वॉम्प कूलर मान टाकतो.

बॅगेतली यंत्रं

सुट्टीला घरी निघालो की प्रत्येक वेळी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. चॉकलेट, बदाम आणि उरलेल्या जागेत गॅजेट्स. इथेच घोळ होतो. अमेरिकेत प्लगमध्ये ११०-१२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना दोन्ही देश सारखेच. पण तिकडचा कॉफी मेकर किंवा हेअर ड्रायर ट्रान्सफॉर्मरशिवाय इकडे लावलात तर पहिली कॉफी हीच शेवटची.

व्होल्ट सांभाळले तरी फ्रीक्वेन्सी उरतेच. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. त्यामुळे ६० हर्ट्झच्या विजेवर चालणारं तिकडचं घड्याळ इकडे तासाला बरोबर दहा मिनिटं मागे पडतं. यंत्रालासुद्धा देश बदलला की जुळवून घ्यायला वेळ लागतो, तर माणसाचं काय घेऊन बसलात!

म्हणूनच वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत एक ‘फॉरेनचं’ कपाट असतं. त्यात खोक्यासकट ठेवलेला टॅब्लेट, डिजिटल फोटोफ्रेम, एकदाच वापरलेलं बीपीचं यंत्र. बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, या भीतीनं कुणी हात लावत नाही. कूलरचं मात्र तसं नाही. पंप बसला तर चौकातला मिस्त्री दुपारपर्यंत नवा टाकून देतो. मार्च आला की दुकानांसमोर पत्र्याचे कूलर रांगेत उभे राहतात, ताट्या बदलल्या जातात, आणि वाळा लावला असेल तर पहिल्या संध्याकाळी अख्खं घर गारेगार सुगंधानं भरून जातं. हा वास अजून कुठल्याही फोनवरून येत नाही.

‘आवाज येते ना बाप्पा’

बाकी फोननं कमाल केली हे मान्यच. आधी कॉलिंग कार्ड. खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचे आणि मिनिटं संपायच्या आत सगळ्यांची नावं घेऊन ‘कसे आहात’ विचारायचं. मग २००३ मध्ये स्काइप आलं (मे २०२५ मध्ये ते बंदही झालं). सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचा स्वस्त डेटा आला आणि दोनच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. आईचा चेहरा रोज दिसू लागला. आता काय राहिलं, असं कुणालाही वाटेल.

राहिलं होतं. एका मे महिन्यात नेहमीसारखा संध्याकाळचा कॉल चालू होता. आई सारखी पदरानं कपाळ पुसत होती. बाबा मागून म्हणाले, ‘लवकर आटप रे, कूलर बंद करून बसली हाय ते.’ आई लगेच, ‘आवाज येते ना बाप्पा मधात! तुह्यं बोलणं समजत नाही.’

विचार करा. दिवसभर तापलेल्या भिंती संध्याकाळी साडेसातला घरात आग ओकत असतात. लेकाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्या भट्टीत माऊली चाळीस मिनिटं बसायची. बरं, हा फक्त आमच्या घरचा किस्सा नव्हे. फिनिक्समधल्या तीन वऱ्हाडी मित्रांना विचारलं, तिघांच्याही घरी हेच. ‘बंद करू नका’ म्हटलं की ‘बरं’ म्हणतात, आणि पुढच्या कॉलला पुन्हा तेच!

मग आतला इंजिनिअर जागा झाला. कॉलिंग अ‍ॅप्स हल्ली सलग, एकसुरी आवाज स्वतःच गाळून टाकतात. त्यामुळे आपल्याला तिकडे कूलर फारसा ऐकूच येत नाही. अडचण आईच्या बाजूला, कारण फोनचा स्पीकर कूलरपुढे हरतो. उपाय साधा निघाला. माइकवाला वायरचा इअरफोन, कानात नीट बसणारा. चार्जिंग नको, ब्लूटूथ नको. अट एकच ठेवली, कूलर चालू असेल तरच बोलणार. पहिले दोन दिवस आईनं वायरला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी तासभर बोलली, आणि कपाळ कोरडं!

पण अ‍ॅपनं कचरा म्हणून गाळलेला तो घरघराट मला हवा होता. बाबांनी कूलरचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवला. रात्री झोप येत नसली की तो लावतो. शेजारच्या खोलीतला रूममेट म्हणतो, हे कुठलं हेलिकॉप्टर?

या उन्हाळ्यात जाताय?

पोचणं आता बरंच सोपं झालंय. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अमरावती-अकोला महामार्गावर तर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं. तेही वऱ्हाडातल्या जूनमध्ये! तरी माझं मत मुंबईहून रात्रीच्या रेल्वेला. सकाळी शेगावला कचोरी, मग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. अमरावतीला उतरलात तर गिला वडा सोडू नका.

बॅगेत यंत्रं कमी भरा. घरी गेल्यावर आपल्या हातानं कूलरची ताटी बदला, पंप तपासा, टाकी घासून घ्या. नळाची वाट बघणाऱ्या गावात कूलरला रोज बादल्यांनी पाणी लागतं, ते कोण भरतंय तेही बघा. वायरचे इअरफोन मात्र दोन न्या. एक हरवतोच! आणि परत आल्यावर फोन लावाल तेव्हा ‘जेवली काय?’च्या आधी विचारा, ‘कूलर चालू हाय ना?’